मॉडेलर निर्जीव वाटतो, पण ऐकताय कशावर?

मॉडेलर, म्हणजे गिटार अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, खऱ्या अँपपुढे हाताखाली निर्जीव लागतो, अशी काही गिटारवादकांची तक्रार असते. मला वाटतं तुलनाच चुकतेय. मॉडेलर देतो तो माइक लावून रेकॉर्ड केलेल्या अँपचा आवाज. १२ इंची स्पीकर खोलीतली हवा ढकलतो, तो अनुभव हेडफोनवर कसा येणार? कॅब सिम्युलेशन (स्पीकर आणि माइकची डिजिटल नक्कल) बंद करून तोच मॉडेलर पॉवर अँप आणि खऱ्या कॅबिनेटला, म्हणजे स्पीकरच्या पेटीला, जोडून बघा. खूप फरक पडतो.

तरी व्हॉक्स एसी३० या ट्यूब अँपचा आवाज पूर्ण उघडल्यावर त्याच्या ईएल८४ ट्यूब (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) बोटांच्या जोराला जी दाद देतात, ते सुख वेगळंच. पण दादरच्या वन बीएचकेत ३० वॉट उघडणार कुठे? शेजारी तान्हं बाळ आहे. माझा मॉडेलर सॅकमध्ये मावतो, लोकलने सरावाला नेता येतो.