मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलांच्या जुन्या जोडांचा काळ कसा ठरवायचा?

मंडळी, नमस्कार.

आमच्या भागातल्या वाचनालयात कोल्हापुरी चपलांवर छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. जुने जोड जमलेत, कोल्हापुरातल्या सुभाषनगरात, म्हणजे चपला बनवणाऱ्यांच्या वस्तीत, राहणारी म्हातारी माणसं बोलायलाही तयार आहेत. घोडं अडलंय ते काळ ठरवण्यावर. कुणालाही विचारा, 'लई जुनं हाय' एवढंच उत्तर. आणि छापील मजकुरात सगळीकडे एकच वाक्य, तेराव्या शतकापासूनची परंपरा! असेल बापडी. पण समोरचा जोड आजोबांच्या काळातला की पणजोबांच्या, हे त्यातून कळत नाही.

जोड दोन तऱ्हांचे आहेत. काही जाड तळाचे, मोठ्या कानांचे (कान म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कातडी पाकळ्या), शेतात वापरायचे वाटावेत असे भक्कम. बाकीचे पातळ, कान नाजूक, पट्ट्यावर वेणी, वर गोंडा. खिळा एकातही नाही, सगळी शिवण कातड्याच्या वादीची. एका आजींनी जोड हातात घेतला आणि वेणी बघून सांगितलं की हे बाईच्या हातचं काम. कापून तळ शिवणारे पुरुष, वेण्या घालणाऱ्या बायका, अशी घरातल्या घरात वाटणी असायची म्हणे. दुकानाच्या पाटीवर मात्र त्या बायका कधी आल्या नाहीत. प्रदर्शनात त्यांचा भाग मोठा ठेवणार आहे.

आता माझा मुख्य प्रश्न. जाड चपलेतून ही पातळ कानवाली कधी निघाली? 1920 च्या सुमारास कोल्हापूरच्या सौदागर कुटुंबाने ती घडवली, मुंबईच्या जे. जे. अँड सन्समध्ये ती खपली आणि तिथून मागणी वाढली, ही हकीकत जिथे तिथे वाचायला मिळते. पण सगळे एकमेकांचं उतरवून घेतात असं वाटतं. त्या काळातली जाहिरात, दुकानाचं बिल, दरपत्रक, असं काही कुणी डोळ्यांनी पाहिलंय का? मला ती गोष्ट खोटी पाडायची नाही, फक्त आधाराशिवाय फलकावर लिहायची नाही.

काळ मात्र जुळण्यासारखा आहे. शाहू महाराजांनी 1918 मध्ये संस्थानातली बलुतेदारी मोडली. तोवर चांभाराने गावाच्या चपला, मोटा (विहिरीतून पाणी काढायच्या कातडी पिशव्या) शिवायच्या आणि सुगीला धान्य घ्यायचं. बलुतं सुटल्यावर रोख पैशांचा, शहरातला गिऱ्हाईक शोधणं आलं, आणि त्याला नांगरामागे चालायची चप्पल कशाला हवी? हा माझा तर्क आहे, खोडायचा असेल तर जरूर खोडा. संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीच्या दप्तरात कातडं कमावणारे ढोर, चांभार, त्यांच्यावरचे कर, मिळालेली मदत यांच्या नोंदी कुठल्या खात्याखाली शोधाव्यात? कोल्हापूर पुराभिलेखागारात काम केलेल्या कुणी मोडी जाणकाराने वाट दाखवली तर फार उपकार होतील.

दुसरं, कातड्यावरून काही सांगता येतं का? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं ओळखायची खूण काय? 2015 च्या कायद्याने राज्यात बैल कापायला बंदी आली आणि म्हशीच्या कातड्यावर भर वाढला, एवढा अलीकडचा टप्पा माहीत आहे. त्यामागचे टप्पे हवेत.

कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी ही नावं सांगणारे पुष्कळ भेटतात, पण दोघांची वर्णनं जुळत नाहीत. नावासोबत फोटो टाकलात तर बरं पडेल.

भर: खाली दोघांनी प्राडाबद्दल विचारलंय. हो, या इटालियन फॅशन कंपनीने जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या ते प्रकरण आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिडकॉम (महाराष्ट्राचं चर्मोद्योग महामंडळ) आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्याशी झालेला तिचा करार, यावर एक फलक असेल. त्यावर वेगळा धागा काढा, इथे वाद नको. आणि कर्नाटकातल्या अथणीच्या सदस्यांनी लिहिलंय की ही चप्पल एकट्या कोल्हापूरची नाही, ते अगदी रास्त आहे. 2019 चं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांना आहे, त्यामुळे अथणी, निपाणीकडच्या जुन्या जोडांचे फोटोही चालतील. तळ, कान आणि पट्ट्याची आतली बाजू असे तीन फोटो काढा. आतल्या शिवणीवरूनच जास्त कळतं.