मदत हवी आहे: डाबुलेनच्या वाळूत कलिंगडाला ठिबक किती वेळ द्यावं?

नमस्कार मंडळी. रोमानियात डोल्झ जिल्ह्यातल्या डाबुलेनजवळ कलिंगडाच्या शेतावर हंगामी कामाला आहे. डॅन्यूब नदीजवळचं हे छोटं शहर कलिंगडांसाठी देशभर प्रसिद्ध, पण भोवताली नुसती वाळू. वारा अडवायला अकेशियाच्या झाडांचे पट्टे लावलेत, तरी जेवताना दाताखाली कचकचतेच!

अडचण अशी: दुपारी वेल माना टाकतात. मल्चिंग (जमिनीवर आच्छादन) आहे, रोपं भोपळ्यावर कलम केलेली आहेत. ठिबक एका तासावरून दोन तासांवर नेलं, फरक शून्य. ड्रीपरखाली (जिथून पाणी ठिबकतं तिथे) हाताने उकरून पाहिलं, तर ओल जेमतेम वीतभर पसरलेली, खाली मात्र कोपरापर्यंत हात घातला तरी ओलच. म्हणजे पाणी मुळांना चुकवून खाली चाललंय. मुळं पाहिली, पांढरी आहेत, कूज नाही.

पंप फक्त सकाळी आणि संध्याकाळी मिळतो. ड्रीपर ३० सेंमीवर, लॅटरल (ड्रीपर असलेली नळी) एकच. शेणखत आता मिळणार नाही, फळं लिंबाएवढी झालीत.

वाळूत कलिंगड केलेल्यांनी सांगा: त्याच वेळात वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या द्याव्यात, की मालकाला दुसरी लॅटरल टाकायला सांगू?