मदत हवी आहे: बेस दिल्ली, घर पुण्यात. स्टाफ तिकिटावर ये-जा जमेल का?

उडती_खार

नमस्कार मंडळी. गोंदियाला फ्लाइंग झालं, ए३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान उडवण्याची परवानगी, झालं, मग बराच काळ घरी बसले होते. आता एका एअरलाइनमध्ये ज्युनिअर फर्स्ट ऑफिसर म्हणून निवड झाली आहे. पेढे वाटून झाले आणि बेसचं, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होणार त्या शहराचं, पत्र आलं: दिल्ली. फॉर्मवर मी मुंबई, मग बंगळुरू लिहिलं होतं. दिल्ली फक्त तिसरा रकाना मोकळा राहू नये म्हणून.

आम्ही विमाननगरला राहतो. नवऱ्याचं ऑफिस खराडीत, लेक पहिलीत, सासूबाई आमच्याकडेच. बिऱ्हाड हलवणं तूर्त शक्य नाही. नवरा म्हणतो, "तुला विमान फुकटच आहे. सुट्टी लागली की यायचं, ड्युटीच्या आदल्या रात्री परत जायचं." ऐकायला झकास वाटतं, पण बॅचमधली मुलं मान हलवतात.

जाणकारांनी सांगावं: बेस बदलून साधारण कधी मिळतो? स्टाफ तिकिटावर, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटावर, भिस्त ठेवून ड्युटीला जाता येतं का? सासूबाईंचं नाव त्यात घालता येतं का? आणि अमेरिकेतले पायलट कॉकपिटमधल्या जादा सीटवर (जंपसीट) बसून घरी जाताना व्हिडिओत दिसतात, तसं आपल्याकडे चालतं का?

कॅप्टनकाका

अभिनंदन, पोरी! रिलीज होईपर्यंत, म्हणजे ट्रेनिंग संपून लाइनवर मोकळी होईपर्यंत, बेस बदलण्याचा विषयही काढू नकोस. आधी वर्ग आणि सिम्युलेटर, त्यासाठी गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, बंगळुरू, जिथे स्लॉट मिळेल तिथे. मग ट्रेनरबरोबर लाइनवर, म्हणजे प्रवासी घेऊन, उडायचं, मग चेक. तेव्हा कुठे तू रोस्टरमध्ये पूर्ण धरली जातेस. त्यानंतर अर्ज कर. निकाल दोन गोष्टींवर ठरतो: तुझ्या विमानाच्या ताफ्यात मुंबईला फर्स्ट ऑफिसर कमी आहेत का, आणि रांगेत तुझ्यापुढे किती सीनियर उभे आहेत. मुंबई सगळ्यांनाच हवी असते. कुणी 'सहा महिन्यांत होऊन जाईल' असं तोंडी सांगितलं तर हसून सोडून दे.

आता मुद्द्याचं. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) ड्युटीच्या नियमांत होम बेसची व्याख्या आहे: कंपनीनं नेमून दिलेलं ठिकाण, जिथून ड्युटी सुरू होते, जिथे संपते, आणि जिथे एरवी राहण्याची सोय करणं कंपनीवर नसतं. हा शेवटचा भाग नवी मुलं वाचतच नाहीत. कोलकात्याला नाइट हॉल्ट पडला तर हॉटेल कंपनीचं. उद्या पहाटेच्या फ्लाइटसाठी तू आज रात्री दिल्लीत आलीस तर हॉटेल तुझं. कंपनीनं कामासाठी प्रवासी म्हणून पाठवलं, म्हणजे डेडहेड, तर तो वेळ ड्युटीत धरतात. पुण्याहून आपल्या सोयीनं आलीस तर तो प्रवास तुझ्या विश्रांतीतून गेला. आठवड्याची विश्रांती सलग ४८ तास. पुणे-दिल्ली हवेत दोन तास असले तरी दारापासून दारापर्यंत सहा धर. दोन्ही बाजूंचे मिळून पाव आठवडी सुट्टी रस्त्यात गेली! आणि थकून कॉकपिटमध्ये बसणं हा वैयक्तिक प्रश्न नसतो, मागे दीडशेच्या वर माणसं असतात.

जंपसीटचं म्हणशील, तर तो अमेरिकेतला रिवाज. तिथे दुसऱ्या एअरलाइनच्या पायलटलाही नेतात. आपल्याकडे ये-जा करण्याची सोय म्हणून ती सीट हिशेबातच धरू नकोस.

द्वारकाकर

काकांशी सहमत. माझा नवरा पायलट, त्यामुळे तिकिटांचं मी सांगते. 'फुकट' हा शब्द आधी घरातून काढून टाका. आयडी ९० हे स्टाफ तिकीट म्हणजे मूळ भाड्यात ९० टक्के सूट, कर वगैरे भरावेच लागतात. दुसऱ्या एअरलाइनचं सवलतीचं तिकीट, ज्याला झेड म्हणतात, त्याचं भाडं अंतराच्या टप्प्यांवर असतं. पक्की सीट देणारी तिकिटं थोडी, बहुतेक सगळी स्टँडबाय. म्हणजे पैसे देणारे सगळे बसले की उरलेल्या सीटवर तुम्ही.

रविवारी संध्याकाळी पुणे-दिल्ली पाहा कधी. मी लेकरू कडेवर घेऊन काउंटरच्या बाजूला उभी, बॅगा तिथेच, आणि ती मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणतेय, "मॅम, अजून थांबा." शेवटी विमान गेलं, आम्ही रिक्षानं घरी. सहलीला हे चालतं, ड्युटीला नाही. 'सीट मिळाली नाही' हे कारण रोस्टरवाले ऐकत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं वेगळंच.

सासूबाईंचं: नवरा, मुलं, आईवडील बहुतेक ठिकाणी चालतात. सासू-सासरे कंपनीगणिक. प्रोबेशनमध्ये सवलत पूर्ण सुरू होते का, तेही एचआरला मेलवर विचारा, फोनवर नको. नावं आधारवर आहेत तशीच भरा. आणि वयस्कर माणसाला स्टँडबायवर एकटं पाठवू नका, मधल्या विमानतळावर अडकल्या तर फार हाल होतात. तिकीट काढून पाठवा.

अवांतर: तुमचं स्टाफ तिकीट मागणारे नातेवाईक उगवतील. नियम दाखवा. गैरवापर झाला तर नोकरी तुमची जाते, त्यांची नाही.

उडती_खार

काका, ताई, खूप आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो '४८ तासां'पाशी थांबला. आता असं ठरतंय: दिल्लीत बॅचमधल्या दोघींबरोबर भाड्यानं फ्लॅट. सुट्ट्या जोडून मिळाल्या तरच पुणे, आणि परतीचं तिकीट विकतचं. लेकीच्या सुट्टीत ते सगळे दिल्लीला. घर दिल्लीतल्या द्वारकेत घ्यावं की गुरुग्रामला?

द्वारकाकर

कंपनीच्या पिकअपची हद्द आधी विचारा, ब्रोकरला नंतर फोन करा. हद्दीच्या एक गल्ली बाहेर घर घेतलं तर पहाटे तीनला कॅब आपली आपण शोधायची. होम स्टँडबाय, म्हणजे घरी तयार राहण्याची ड्युटी, लागला की बोलावल्यावर ठरलेल्या वेळात पोचावं लागतं, तेही बघा. आमच्यासारख्यांना द्वारका बरी पडते, मेट्रो आहे आणि भाडं गुरुग्रामपेक्षा सोसवतं. ग्राउंड क्लासेस गुरुग्रामला असतील तर तेवढे दिवस पीजी.

कॅप्टनकाका

आणि सही करण्याआधी बॉन्डचं, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याचं, कलम वाच. बेस नाही आवडला म्हणून सोडायचं म्हटलं तर को-पायलटला नोटीस पीरियड सहा महिन्यांचा आहे, बॉन्डची रक्कम वेगळी. म्युच्युअल बदली देतात का तेही विचारून ठेव. मुंबईत बसलेला एखादा दिल्लीकर नक्की असेल.