रेषेवरून चालणाऱ्या रोबोटसाठी कोणता बोर्ड घ्यावा?

प्रश्न: मुलीबरोबर काळ्या रेषेवरून चालणारा दोन चाकी रोबोट तयार करत आहे. पुढे त्याला अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) बसवून मोबाइलवरून चालवण्याचाही विचार आहे. त्याला चालवणारा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड म्हणून आर्डुइनो ऊनो घ्यावा की ईएसपी३२?

उत्तर १: केवळ रेषेसाठी ऊनो (आर३) पुरेसा आहे. त्याची रॅम २ केबी आणि वेग १६ मेगाहर्ट्झ असला, तरी या कामाला त्याहून अधिक लागत नाही. मोबाइलचे नक्की असेल तर ईएसपी३२ घ्या, कारण त्यात वायफाय आणि ब्लूटूथ मुळातच असतात.

उत्तर २: सहमत आहे, पण ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरची एको पिन (मोजमापाचा सिग्नल देणारी) ५ व्होल्ट देते, म्हणून एकोकडून १ आणि ग्राउंडकडे (बॅटरीच्या ऋण टोकाकडे) २ किलोओहमचा रेझिस्टर जोडून, दोन्हींच्या मधल्या जोडावरून उतरलेले व्होल्टेजच बोर्डाला द्यावे. माझा बोर्ड मोटर सुरू होताच रीसेट होत असे. दोन दिवस प्रोग्राम तपासला, आणि दोष निघाला तो मोटर व बोर्ड एकाच बॅटरीवर चालवण्याचा. मोटरला वेगळी बॅटरी द्या, ग्राउंड मात्र एकत्र जोडा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. ईएसपी३२ घेतो, आणि रेझिस्टरची जोडणी मुलीकडूनच करून घेतो.