मदत हवी आहे: रानातल्या उतारावर ध्यानकेंद्र, डोंगर न कापता कसं बांधावं?

नमस्कार मंडळी,

बोरिवलीत आमचा ध्यान करणाऱ्यांचा जुना गट आहे. गटातल्या एका काकांनी रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन निवासी ध्यानकेंद्रासाठी द्यायचं ठरवलंय. जागा पश्चिमेकडे उतरती. वर ऐन, किंजळ, हिरडा, खाली जांभूळ आणि करवंदीच्या जाळ्या, मधल्या टप्प्यात दाट कारवी. वीस-पंचवीस साधक राहू शकतील एवढीच सोय हवी आहे: ध्यानकक्ष, लहान खोल्या, स्वयंपाकघर, स्वच्छतागृहं.

जागा पाहणाऱ्या आर्किटेक्टांचा एकच सल्ला, जेसीबी लावून टप्पे सपाट करून घ्या. मला तो अजिबात पटत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी याच जिल्ह्यातली, शेजारच्या खालापूर तालुक्यातली. ती तर साध्या घरांची जुनी वाडी. मग आपण उताराचा आधार काढून घ्यायचा, निघालेली माती बाहेरच्या अंगाला लोटायची आणि त्यावर माणसं झोपवायची, हे कसं करायचं?

डोळ्यांसमोर आहे ते कान्हेरी. आम्ही बोरिवलीकर तिथे वर्षानुवर्षं जातो, पण आता वेगळ्या नजरेने बघतोय. शंभराहून जास्त लेणी, आणि जवळपास प्रत्येक विहाराशेजारी पाण्याची पोढी, म्हणजे कातळात कोरलेलं टाकं. कातळावरून वाहणारं पावसाचं पाणी बारीक चरांतून टाक्यात उतरवलेलं. पायऱ्या उताराच्या कलाने कोरलेल्या. भिक्षूंनी तिथे आधी पाणी कुठून वाहतं ते पाहिलं आणि मग बसायची जागा ठरवली, असं मला वाटतं. आम्हाला कातळ कोरायचा नाही, पण हाच क्रम ठेवायचा आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं: खांबांवर उचललेल्या हलक्या खोल्या या पावसात टिकतात का? पाया खणताना मुळं तुटू नयेत म्हणून खांब कुठे रोवावेत? कारवीच्या कुडाच्या भिंती चालतील का? आणि सर्वात मोठी काळजी सांडपाण्याची. उतारावर शोषखड्डा केला तर तेच पाणी माती भिजवत राहील ना? रात्री दिवे किती कमी ठेवता येतील, हेही विचारायचंय. पावसाळ्याआधी तिथे काजवे असतात, ते जाऊ नयेत.

प्रतिसाद

दादा, जेसीबीला नाही म्हणालात ते योग्यच केलंत. आराखडा काढण्याआधी एक पावसाळा जागा नुसती पाहा. झरे कुठे फुटतात, ओहोळ कुठून धावतो, हे नकाशावर खुणा करत फिरा. झाडांचे बुंधे जमिनीलगत वाकून मग सरळ वर गेलेले दिसले, तर तिथली माती हळूहळू सरकत असण्याची शक्यता आहे. वरच्या अंगाला आडव्या भेगा असतील तर तो पट्टा सोडूनच द्या.

शोषखड्ड्याबद्दलची शंका बरोबर आहे. स्वच्छतागृहं खोल्यांना न जोडता खाली, कमी उताराच्या जागी एकत्र घ्या. कोरडी कंपोस्ट पद्धत जमली तर पाण्याचा प्रश्न बराच हलका होईल. आंघोळीचं पाणी मात्र पक्क्या नळीतून खाली नेऊन कर्दळीच्या वाफ्यात सोडा. छपराच्या पागोळ्याही मोकळ्या पडू देऊ नका, पन्हळीतून टाकीत घ्या.

खांबांसाठी यंत्र नको. हाताने खणून बघा, जाड मूळ लागलं की खड्डा सरकवा. खांब टिकाऊ कातळापर्यंत पोचायला हवेत, आणि तो किती खोल आहे हे जिओटेक्निकल, म्हणजे माती-खडकाच्या तपासणीशिवाय कळणार नाही. त्या खर्चात काटकसर करू नका. कुड उत्तम, पण जोतं उंच आणि छपराच्या वळचणी रुंद हव्यात. कारवी सात वर्षांनी फुलते, बी टाकते आणि वाळते, काठ्या तेव्हाच घ्या. हिरवी तोडलीत तर माती धरून ठेवणारं झुडूपच जाईल.

आणि सातबारा नीट पाहा. खासगी वनाची नोंद असेल तर बांधकामाचा विचार करण्याआधी वनखात्याकडे जावं लागेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. सातबारा काकांकडून उद्याच मागवतो. आंघोळीचं पाणी खाली नेण्याचं आमच्या डोक्यात नव्हतं, स्वच्छतागृहांची जागा आता बदलावी लागेल. भर पावसातही कर्दळीचा वाफा ते पाणी पेलतो का, की तेवढे महिने केंद्रच बंद ठेवावं? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर लिहा. मुंबईतून तपासणीला येतील असे जिओटेक्निकल अभियंते कुणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा.