सोसायटीच्या एसटीपीचे पाणी: नमुना कोठून घ्यावा आणि उरलेले पाणी कोठे सोडावे?

प्रश्न (सोसायटीचा सचिव, पुणे)
आमच्या सोसायटीत एमबीबीआर पद्धतीचा (पाण्यात फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढलेल्या जिवाणूंकडून घाण कुजवणारा) छोटा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रानुसार प्रक्रिया केलेल्या पाण्याचा बीओडी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या आत हवा. एकाच महिन्यातील दोन नमुन्यांपैकी एकाचा बीओडी 8, तर दुसऱ्याचा 26 आला. प्लांट आणि ऑपरेटर तेच आहेत. शिवाय, पावसाळ्यात बागेला लागत नाही ते पाणी पावसाळी गटारात सोडले तर चालते का?

उत्तर १ (पर्यावरण अभियंता)
दोन्ही नमुने कोठून आणि केव्हा घेतले, हे प्रथम तपासावे. नमुना कार्बन फिल्टरनंतरच्या नळातून, नळ थोडा वेळ वाहू दिल्यावर घ्यावा. साठवण टाकीच्या तळातून घेतल्यास गाळ येतो, आणि बॅकवॉशनंतर (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्यावर) लगेच घेतलेले पाणीही खरे चित्र दाखवत नाही. बीओडीची बाटली हवा न राहील अशी काठोकाठ भरून, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावी, कारण 27 अंश सेल्सिअसला तीन दिवसांची ही चाचणी सुरू होण्यापूर्वीच उबेत जिवाणू आपले काम करू लागतात. सीओडीच्या (रसायनांच्या साहाय्याने मोजलेल्या ऑक्सिजनच्या गरजेच्या) बाटलीत सल्फ्युरिक आम्ल घालतात. ते बीओडीच्या बाटलीत चालत नाही. कॉलिफॉर्म जिवाणूंच्या (विष्ठेच्या प्रदूषणाची खूण मानल्या जाणाऱ्या) चाचणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरावी, ती विसळू नये आणि वर थोडी जागा मोकळी ठेवावी.

उत्तर २ (प्रयोगशाळेतील विश्लेषक)
मला 26 पेक्षा 8 हाच आकडा अधिक संशयास्पद वाटतो. हायपोक्लोराइटच्या (क्लोरीनयुक्त जंतुनाशकाच्या) डोसिंगनंतर नमुना घेतला असेल आणि ते प्रयोगशाळेला कळवले नसेल, तर उरलेला क्लोरीन चाचणीतील जिवाणूंनाच मारतो आणि बीओडी फसवा कमी दिसतो. क्लोरीन प्लांटवरच, नमुना घेतल्याबरोबर मोजावा आणि बाटलीच्या चिठ्ठीवर लिहावा.

उत्तर ३ (दुसऱ्या सोसायटीचा अध्यक्ष)
पावसाळी गटारात सोडू नये; ते पाणी नाल्यातून थेट मुळा-मुठेत जाते. शौचालयांच्या फ्लशिंगसाठी या पाण्याचा वापर पावसाळ्यातही चालूच असतो, त्यामुळे त्यानंतर उरणारे पाणी संमतिपत्रात नमूद असेल त्याप्रमाणे, बहुधा महापालिकेच्या मलनिस्सारण वाहिनीत सोडावे. मंडळाचे अधिकारी 1974च्या जल कायद्याच्या कलम 21 खाली नमुना घ्यायला आले, तर सोसायटीचा माणूस तेथे हजर ठेवून नमुन्याचे दोन भाग करून मागावेत. ते दोन्ही सीलबंद होऊन त्यांवर सह्या होतात. अशा वेळी आपला खासगी अहवाल पुढे करून भागत नाही.