रोजच्या वापराची नवी सेडान: इंजिन आणि गिअरबॉक्स निवडायचा कसा?

चाकोरी:
नवी सेडान घ्यायची आहे. रोज जाऊन-येऊन ४५-५० किमी, त्यातलं निम्मं अंतर मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये, उरलेलं मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या वेगाने. वर्षाला साधारण १५,००० किमी. आम्ही चौघं, त्यातल्या एकाला अजून चाइल्ड सीट लागते. गाडी १० वर्षं ठेवायची आहे, म्हणजे वॉरंटी संपल्यावरचीच वर्षं जास्त. ऑटोमॅटिकच हवी. पिकअपची हौस नाही, सनरूफ फुकट दिलं तरी नको. घोडं अडलंय ते एका ठिकाणी: एकाच गाडीत दोन-तीन इंजिनं आणि तितकेच गिअरबॉक्स मिळतात, आणि शोरूमवाल्याच्या मते सगळेच उत्तम. ब्रँडची यादी नको, पारखायचं कसं ते सांगा.

टॅपेट:
ब्रँडची यादी मागितली नाहीत ते बरं. कोरोला १९६६ पासून बनतेय आणि ५ कोटींच्या वर विकली गेलीय, पण 'कोरोला टिकते' एवढ्यावर काही ठरत नाही. त्याच नावाखाली साधं पेट्रोल, टर्बो, हायब्रिड, मॅन्युअल, सीव्हीटी सगळं येऊन गेलंय. टिकते ती इंजिन-गिअरबॉक्सची जोडी. नाव नुसतं मागच्या झाकणावर असतं.

तुमच्या वापरात आधी गिअरबॉक्स ठरवा. वॉरंटीनंतर सगळ्यात मोठं बिल तिथूनच येतं.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे तेलातून जाते. गाडी सरकत असताना घासून संपेल असा क्लच मध्ये नसतो, म्हणून रांगत्या ट्रॅफिकला हा सगळ्यात सोशिक. ६०-८० हजार किमीला तेल बदललं की बहुतेक काम झालं. मायलेज थोडं कमी मिळतं, तेवढं चालवून घ्या.

सीव्हीटीत गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांवर पोलादी पट्टा. पट्ट्याची पकड तेलाच्या दाबावर अवलंबून असते, त्यामुळे तेल हाच त्याचा प्राण. तेल जुनं झालं किंवा तापून पातळ पडलं की पट्टा सूक्ष्म घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, मग घुंईऽ असा आवाज आणि हलक्या वेगात थरथर. तिथून पुढे दुरुस्ती म्हणजे बहुधा अख्खा गिअरबॉक्स. 'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर विसंबू नका, लाइफ कोणाचं ते कुठेच लिहिलेलं नसतं. गाडीसोबतच्या पुस्तिकेत (मॅन्युअलमध्ये) 'सीव्हिअर यूज'चा, म्हणजे खडतर वापराचा तक्ता असतो. तुमचा रोजचा निम्मा रस्ता त्यातच मोडतो. ५०-६० हजार किमीला बदला आणि कंपनीने नेमून दिलेलंच तेल टाका. साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) टाकलं की पट्ट्याची पकड जाते. गाडी मागे सरकत असताना आर वरून डी टाकायची सवय असेल तर ती मोडा, पूर्ण थांबूनच टाका. एवढं पाळलं तर सीव्हीटी तुम्हाला चालेल.

ड्राय ड्युअल क्लच मात्र तुमच्यासाठी नाहीच. तो आतून मॅन्युअलच आहे, फक्त क्लच कॉम्प्युटर दाबतो. दोन किमीच्या वेगाने सरकताना क्लच अर्धवट पकडलेला राहतो आणि तापतो. तेलात बुडालेला वेट क्लच ही उष्णता बरी पेलतो, पण त्याचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदलावे लागतात. विक्रेत्याला सरळ विचारा, ड्राय की वेट. उत्तर आलं नाही तर सर्व्हिस मॅनेजरकडे जा. आणि एएमटी, म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सलाच क्लच-गिअर हलवणारं यंत्र जोडलेलं? स्वस्त आहे, दुरुस्ती सोपी आहे, पण ट्रॅफिकमधले हेलकावे १० वर्षं सोसवणार नाहीत.

इंजिनाचं सांगायचं तर १.५ ते २.० लिटरचं, टर्बो नसलेलं, पोर्ट इंजेक्शनचं मिळालं तर डोळे मिटून घ्या. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतं आणि ते धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह कोरडे राहतात आणि ऑइलच्या वाफांची काजळी त्यांवर साठते. ८०-१०० हजार किमीनंतर आयडलिंग डुगडुगायला लागलं तर संशय तिथेच. काही इंजिनांना दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात, त्यांत हा त्रास जवळजवळ नाही.

व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी टायमिंग चेन आहे की बेल्ट, हेही विचारा. कोरडा बेल्ट असेल तर तो किती किमीला बदलायचा ते लिहून घ्या; तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. ऑइलमध्ये भिजत फिरणारा बेल्ट असेल तर मी ती गाडी सोडून देईन. तो झिजला की रबराचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, दाब पडतो, आणि दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

चाकोरी:
सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. मग टर्बो पूर्ण बाद का? हल्ली १.० टर्बो बऱ्याच सेडानमध्ये येतं.

टॅपेट:
बाद नाही, पण लाडावलेलं. ऑइल कमी मावतं आणि तापमान जास्त. कमी आरपीएमवर पेडल जोरात दाबलं की मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, त्याला एलएसपीआय म्हणतात. एकच जोराचा ठोका पिस्टन फोडू शकतो. म्हणूनच मे २०२० पासून एपीआय एसपी दर्जाचं (एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था) ऑइल आलं, त्यात एलएसपीआयच्या चाचणीसोबत टायमिंग चेनच्या झिजेचीही चाचणी आहे. टर्बो घेतलीत तर डब्यावर एसपी किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेला दर्जा बघा, १०,००० किमी किंवा वर्षाच्या आत ऑइल बदला, आणि महिन्यातून एकदा डिपस्टिक ओढून पातळी पाहा. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. लहान अंतरांवर, इंजिन पुरतं गरम होण्याआधीच बंद करणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं.

डिपस्टिक:
माझं नाव आलं म्हणून येतोच. टॅपेटरावांनी हायब्रिड (इंजिनासोबत बॅटरी आणि मोटर असलेली गाडी) सोडूनच दिली, आणि या प्रश्नाचं उत्तर तर तीच आहे!

फुल हायब्रिडमधल्या 'ई-सीव्हीटी'चा वरच्या सीव्हीटीशी नावापलीकडे संबंध नाही. टोयोटाच्या रचनेत पट्टाही नाही, पुलीही नाही. एक प्लॅनेटरी गिअर संच आणि दोन मोटर-जनरेटर. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, घसरणारा क्लच नाही. होंडाची पद्धत वेगळी आहे: बहुतेक वेळ मोटरच चाकं फिरवते, आणि हायवेच्या वेगात एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो. दोन्हींत रांगत्या ट्रॅफिकमध्ये घासणारं काही नाही आणि इंजिन बराच वेळ बंदच असतं.

आता परवडतं का, ते असं मोजा. १५,००० किमीला १५ च्या मायलेजने १,००० लिटर लागतात, २० ने ७५०, २५ ने ६००. १५ वरून २० वर गेलात तर २५० लिटर वाचले. २० वरून २५ वर, फक्त १५०. म्हणजे मुळातच काटकसरी असलेल्या साध्या गाडीशी तुलना केली तर हायब्रिडचा फायदा दिसतो त्यापेक्षा कमी असतो. वाचलेले लिटर गुणिले इंधनाचा दर गुणिले १० वर्षं, आणि ते दोन मॉडेलांच्या किमतीतल्या फरकाशी ताडून पाहा. तुमचा निम्मा रस्ता ट्रॅफिकचा आहे म्हणून आकडा हायब्रिडच्या बाजूने झुकेल. सगळा रस्ता मोकळा, ९० च्या वेगाचा असता तर मीच नको म्हटलं असतं.

दोन गोष्टी मात्र लोक विसरतात. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटच्या बाजूला असते. तिथे पिशवी किंवा चादर ठेवू नका आणि दर सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्या. केस नि धूळ अडकली की बॅटरी तापते. दुसरं, ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे पॅड कमी झिजतात, पण वापर कमी म्हणून कॅलिपरच्या पिना गंजून जाम होतात. वर्षातून एकदा उघडून ग्रीस लावून घ्या.

टॅपेट:
मुद्दा मान्य. पण काही हायब्रिड सेडानमध्ये स्टेपनी जाऊन पंक्चर किट येतं आणि डिकीही आक्रसते. टायरची बाजू फाटली तर किटचा उपयोग शून्य. बुक करण्याआधी डिकीचा तळ उचलून स्वतः बघा. बॅटरीची वॉरंटी गाडीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी असते. किती वर्षं, किती किमी, आणि कुठल्या अटींवर रद्द होते, हे छापील कागदावरच पाहा.

हँडब्रेक:
इंजिनावर सगळे भांडतात, टायरकडे कोणी बघत नाही. टॉप मॉडेलला २२५/४५ आर१७ आणि मधल्याला १९५/६५ आर१५ असतील तर मधलं घ्या. बाहेरचा व्यास दोन्हींचा सारखाच, सुमारे ६३४ मिमी. पण १५ इंचीची रबरी भिंत १२७ मिमी उंच, १७ इंचीची १०१. ते २६ मिमीच खड्डा सोसतात. भिंत बुटकी असली की धक्का थेट रिमला, मग रिम वाकतो, टायरला फुगा येतो. शिवाय १५ इंची टायर चौथ्या-पाचव्या वर्षी बदलताना बराच स्वस्त पडतो.

मागचं सस्पेन्शन टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी दांडी) आहे म्हणून नाक मुरडू नका. मल्टिलिंक आरामदायी असतं, पण त्यात बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) जास्त, म्हणजे पुढे कुरकुर आणि खर्च जास्त.

सुरक्षेत काटकसर नको: सहा एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा), मागे तिघांनाही खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा थ्री-पॉइंट बेल्ट, आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे हुक). क्रॅश टेस्टचे तारे पाहताना चाचणीचं वर्ष आणि कुठल्या व्हेरिअंटची चाचणी झाली ते वाचा. नियम दर काही वर्षांनी कडक होतात, जुने पाच तारे आणि नवे पाच तारे एक नव्हेत. चाइल्ड सीट शोरूमला सोबत न्या आणि बसवून बघा. सेडानचं छप्पर मागे उतरतं, मुलाला उचलून बसवताना डोकं चौकटीला लागतं. ब्रोशरमध्ये हे कळणार नाही.

आणि नवंकोरं मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नका. वर्षभरात सॉफ्टवेअर आणि बारीक पार्ट सुधारले जातात. त्या सुधारणा बाहेर काढायला तुम्हीच कशाला हवे?

चाकोरी:
टॉर्क कन्व्हर्टरची एक आणि हायब्रिड एक, अशा दोन निवडल्या आहेत. टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू?

हँडब्रेक:
अर्धा तास मागा आणि शक्यतो थंड इंजिनाने सुरू करा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर कोल्ड स्टार्टचा आवाज कळत नाही. खरं ट्रॅफिक असलेला रस्ता निवडा. ब्रेक हलके सोडून नुसती सरकू द्या, झटका नको. ४० वर असताना पेडल अर्धं दाबा आणि प्रतिसादाला किती वेळ लागतो बघा. चढावर थांबून पुन्हा निघा. ९० ला रेडिओ बंद करून टायरचा आवाज ऐका. एसी पूर्ण लावून पाच मिनिटं उभी ठेवा, मागच्या सीटवर गारवा पोचतो का पाहा. मग स्वतः मागे बसा: मांडीला आधार, डोक्याला जागा. चालवताना एसीचं तापमान स्क्रीनमध्ये न शिरता बदलता येतं का, हेही बघा. १० वर्षं रोज करायचं काम आहे ते. जमलं तर हेडलाइट रात्री तपासा.

वायपर:
डिलिव्हरी घेतानाचं राहिलंय. नोंदणी आणि पूर्ण पैसे देण्याआधी, दिवसाच्या उजेडात आणि धुतलेली गाडी बघा. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) १७ अक्षरी असतो, तो चासिस आणि कागद दोन्हीकडे जुळवा. चारही टायरवर डीओटी या अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. स्टेपनीवरचाही. इग्निशन ऑन केल्यावर सगळे दिवे लागून इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एखादा लागलाच नाही, तर तीही तक्रारच. इंजिन बंद असताना १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवावी, महिनोन् महिने यार्डात उभी राहिलेली गाडी इथे पकडली जाते. डिकीच्या गालिच्याखाली ओल आहे का, हात घालून बघा. जॅक, पाना, दुसरी चावी मोजून घ्या. हवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या, वाहतुकीसाठी ती बऱ्याचदा जास्त भरलेली असते.

पहिले १,००० किमी एकाच वेगाने रेटू नका, आरपीएम कमीजास्त होऊ द्या, पूर्ण पेडल टाळा. ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी बदला, किमी कितीही झालेले असोत. ते हवेतला ओलावा शोषतं.

चाकोरी:
टायर गाडीपेक्षा जुने निघाले तर?

वायपर:
चार-सहा महिन्यांचा फरक चालतो, टायर आधी बनतात आणि गोदामात थांबतात. वर्षाच्या वर असेल, किंवा चारांत एकाचीच तारीख वा कंपनी वेगळी असेल, तर कारण लेखी मागा आणि बदलून मिळेपर्यंत सही करू नका.